'होमली' या शब्दाची शिकवणी

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात काही इशारे सणवारांसारखे ठरल्या वेळी परत येतात. त्यातला एक असा: 'मुलीच्या बायोडेटात होमली लिहू नका, इंग्रजीत होमली म्हणजे कुरूप!' त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले दोन-तीन पिवळे चेहरे, आणि भारतीय आईबाप आपल्याच मुलीला कुरूप म्हणून जाहिराती देतात, अशी कोपरखळी. हा मजकूर मला दरवर्षी कुणी ना कुणी पाठवतं. बहुतेकदा माझेच विद्यार्थी पाठवतात, आणि सोबत विचारतात, 'मॅडम, हे खरंय का?'

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. संध्याकाळची बॅच. दुकानात काम करणाऱ्या मुली असतात, नर्सिंगचा कोर्स संपवून बाहेरगावी जाऊ पाहणाऱ्या असतात, मुलांच्या शाळेत पालकसभेला गप्प बसावं लागतं म्हणून येणाऱ्या आया असतात. तर, 'खरंय का' या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्यातला एक तुकडा खरा आहे. पण तो तुकडा दाखवून जे झाकलं जातं ते पाहिल्यावर मला हसू येत नाही.

आधी खऱ्या तुकड्याचं बघू. अमेरिकेत एखाद्या माणसाला 'होमली' म्हटलं तर दिसायला साधा, देखणा नव्हे असा, असा अर्थ होतो. कुरूप हा त्याचा फार भडक तर्जुमा झाला. अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याबद्दल त्याच्या काळच्या लोकांनी हे विशेषण सढळ हाताने वापरलं आहे, आणि त्यात कित्येकदा आपुलकीच असते. माणूस दिसायला बेताचा, पण चेहऱ्यावरून नजर हलत नाही, अशा जातीची. तरी अमेरिकेत जाऊन कुणाच्या बहिणीला 'होमली' म्हणू नये हे खरंच, आणि ते मी शिकवतेच. तिकडे घरासारख्या ऊबदार जागेला 'होमी' म्हणतात, तो शब्द वेगळा.

ब्रिटनमध्ये मात्र गोष्ट उलटी. तिथे 'होमली' हॉटेल म्हणजे जिथे परकं वाटत नाही असं. 'होमली' जेवण म्हणजे साधं, पोटभरीचं, चवीचं. बाईबद्दल म्हटलं तर मायाळू, घरात रमणारी. म्हणजे आपल्याकडे पुण्या-मुंबईत मेसच्या पाटीवर 'होमली फूड' लिहितात त्याला लंडनच्या माणसाने नाक मुरडायचं कारण नाही. शिकणाऱ्यांसाठी काढलेले इंग्रजी कोश हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी देतात, आणि कुठला कुठल्या देशातला तेही सांगतात. मग आपल्या इशारेवाल्यांना फक्त अमेरिकन अर्थ 'खरा' कसा वाटतो? याचं उत्तर भाषेत नाही. ज्या देशाचा व्हिसा हवा त्या देशाचं इंग्रजी शुद्ध, एवढंच ते आहे.

जाता जाता व्याकरणाची एक गोष्ट, कारण तीही कुणी नीट सांगत नाही. शेवटी 'ली' आलं की क्रियाविशेषण, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. मराठी माध्यमातही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ही घोकंपट्टी काही गेली नाही. 'होमली', 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'लव्हली', 'कावर्डली' ही सगळी विशेषणं आहेत. त्यांतली बहुतेक नामाला 'ली' जोडून झालेली. हा 'ली' जुन्या इंग्रजीतल्या 'शरीर, आकार' अशा अर्थाच्या शब्दातून आला, त्यामुळे त्याचं काम आपल्या 'सारखा'सारखं. फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा. होमली म्हणजे घरासारखा. 'ती होमली स्वयंपाक करते' हे इंग्रजीत 'शी कुक्स होमली' असं होत नाही, आणि 'शी कुक्स होमलीली' तर त्याहून होत नाही. घरासारखं जेवण असतं, घरासारखं हॉटेल असतं. आता पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला हवा, पण विचारत नाहीत: घरासारखी मुलगी म्हणजे काय?

इथे आपला तिसरा अर्थ येतो, भारतीय अर्थ. तो अमेरिकन नाही, ब्रिटिश अर्थाच्या शेजारचा आहे, पण तोही नाही. स्थळांच्या जाहिरातींत, बायोडेटांत, विवाहसंस्थांच्या फॉर्मांत हा शब्द इतकी वर्षं आणि इतक्या ठरीव अर्थाने वापरला जातो आहे की त्याला 'चूक' म्हणणं मला हास्यास्पद वाटतं. 'प्रीपोन' आपण वापरला, जगाने नावं ठेवली, आता तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. चूक दोघातिघांची असते. कोट्यवधी लोक एका शब्दाचा एकच अर्थ लावतात, ऐकणाऱ्यालाही तोच कळतो आणि त्यावर लग्नं ठरतात, तेव्हा तो अर्थ झालेला असतो. मुलाची आई 'होमली मुलगी हवी' म्हणते तेव्हा मुलीच्या आईचा गैरसमज होत नाही. दोघींना नेमकं कळतं. म्हणूनच म्हणते, भाषा म्हणून इथे काही बिघडलेलं नाही. बिघडलेलं आहे ते दोघींना जे नेमकं कळतं त्यात.

आणि नेमकं तेच इशारेवाले सांगत नाहीत. ते म्हणतात, 'होमली' नको, 'होम-लव्हिंग' लिहा. 'फॅमिली-ओरिएंटेड' लिहा. म्हणजे मागणी तीच ठेवा, फक्त तिला इस्त्री करा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

या शब्दाचा जुना संसार बघितला की आपण त्याचं काय केलं ते जास्त लागतं. चौदाव्या शतकात इंग्लंडातल्या नॉर्विच गावी एक बाई चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत एकांतात राहत होती. जुलियन ऑफ नॉर्विच म्हणून ती ओळखली जाते. इंग्रजीत बाईने लिहिलेलं ज्ञात असं पहिलं पुस्तक तिचं. त्या पुस्तकात हा 'होमली' शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तो कुणाला लावलेला आहे? देवाला. देवाची जवळीक 'होमली' आहे. तो सिंहासनावरून बोलत नाही, घरातल्या माणसासारखा जवळ येऊन बसतो, अशा अर्थाने. हे वाचताना मराठी माणसाला जनाबाई आठवणारच. साधारण त्याच शतकातली. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्या जात्याशी बसतो, तिच्याबरोबर दळतो, कांडतो, पाणी भरतो. दोघींचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, एकीने दुसरीचं नावही ऐकलेलं असणं शक्य नाही. पण देव आपला आहे हे कशावरून ओळखायचं, तर तो घरात येतो आणि जनीच्या बाबतीत तर कामाला हात लावतो. घरासारखा होणं ही जो मोठा आहे त्याने करायची गोष्ट होती.

पुढे इंग्रजीतच या शब्दाची घसरण सुरू झाली. घरचं म्हणजे साधं, साधं म्हणजे ओबडधोबड, मग चेहऱ्याने बेताचं. 1634 साली लडलोच्या किल्ल्यात मिल्टनची 'कोमस' ही नाटिका झाली, त्यात वाट चुकलेल्या तरुणीला भुलवू पाहणारा जादूगार याच शब्दावर कोटी करून घर आणि साधा चेहरा यांची गाठ मारतो. म्हणजे 'होमली' बाईची जागा घर, ही जोड इंग्रजी साहित्यात खलपात्राच्या तोंडी आहे. आपल्याकडे ती मुलीच्या बापाच्या तोंडी आली. पण बाप आणि जादूगार यांच्यातला फरक मी विसरत नाही. बाप ते लाचारीने म्हणतो.

आता मराठीकडे. 'होमली' येण्याआधी मराठी जाहिरातींत 'गृहकृत्यदक्ष' होता. हा शब्द आता विनोदी झाला आहे. नाटकातल्या उपवर मुलीची खिल्ली उडवायला तो वापरतात. पण मी त्याची बाजू घेणार आहे, थोडीशी. हा शब्द फोडून बघा: गृह, कृत्य, दक्ष. त्यात कृत्य आहे. काम आहे, असं तो उघड म्हणतो. आणि दक्ष म्हणजे त्या कामात कौशल्य लागतं, लक्ष लागतं, हेही मान्य करतो. जाचक शब्द आहे, यात वाद नाही, पण प्रामाणिक आहे. नोकरीच्या जाहिरातीसारखा आहे. हे काम आहे, असा माणूस हवा. पगार लिहिलेला नाही, इतकंच.

'होमली'ने ते काम पुसून टाकलं. होमली मुलगी काही करत नाही, ती फक्त तशी असते. पहाटे उठणं, डबे, औषधांच्या वेळा, पाहुण्यांचा चहा, सासऱ्यांचं पथ्य, मुलाचा अभ्यास, कुणाकडे काय आहेर द्यायचा याची आठवण ठेवणं, ही कामं राहिली नाहीत, तिचा स्वभाव झाली. कामाची तक्रार करता येते, वाटणी करता येते, कामातून सुट्टी घेता येते. स्वभावातून सुट्टी कशी घेणार? एखाद्या दिवशी नाही केला स्वयंपाक तर कामाचा एक खाडा होत नाही, माणूसच बदललं असं होतं. 'आता पहिल्यासारखी राहिली नाही ती.' विशेषणाची ही ताकद आहे, आणि ती शाळेतल्या 'विशेष्याबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द' या व्याख्येत मावत नाही.

काम किती, हे मोजलेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, असं निघालं. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. पण पुरुषांच्या आकड्यात एक मेख आहे. ही सरासरी जे करतात त्यांची आहे, आणि घरकामाला दिवसात हात लावणारे पुरुष होते 26.1 टक्के. बायका 81.2 टक्के. 299 मिनिटं म्हणजे एका मिनिटाने कमी पाच तास. स्वयंपाक, झाडलोट, धुणी-भांडी, बाजारहाट वगैरे त्यात आलं. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळणं सर्वेक्षणाने वेगळ्या रकान्यात मोजलं आहे, ते यात धरलेलंही नाही. या पाच तासांना आपण जाहिरातीच्या तीन अक्षरांत बसवलं: होमली.

ही परीक्षा पुरुषांवर करून बघा. घरात रमणारा, बाहेर फारसा न जाणारा, घरच्यांच्या कलाने वागणारा पुरुष. त्याला मराठीत शब्द आहे: घरकोंबडा. शिवी नाही, पण कौतुकही नाही. एकच गुण, मुलीत असला तर स्थळ चांगलं, मुलात असला तर त्याच्यात दम नाही. मी आजवर 'होमली मुलगा पाहिजे' अशी जाहिरात पाहिलेली नाही. एकूणच त्या पानांवर मुलींच्या वाट्याला विशेषणं येतात आणि मुलांच्या वाट्याला नामं: फ्लॅट, पॅकेज, पदवी, शेती, ग्रीन कार्ड. मुलाला एखादं विशेषण लागलंच तर 'निर्व्यसनी', म्हणजे काय करत नाही ते. नामं तपासता येतात. सातबारा मागता येतो, पगाराची स्लिप मागता येते. विशेषण तपासायचं तर माणूसच आयुष्यभर तपासत बसावं लागतं, आणि तसं ते बसतातही.

हल्लीचा नवा अवतार तर अजून बारकाईने वाचण्यासारखा आहे: 'वर्किंग बट होमली'. नोकरी करणारी, पण होमली. शिकवणारी म्हणून मला यात 'होमली'पेक्षा 'बट' जास्त दिसतो. 'अँड' का नाही? इंग्रजीत 'बट' येतो तो पहिल्या गोष्टीवरून जी अपेक्षा होते ती दुसरी गोष्ट मोडते तेव्हा. म्हणजे नोकरी करते म्हटल्यावर ती घरचं करणार नाही अशी शंका आलेली आहे, आणि तिचं निरसन केलेलं आहे. पगार तर हवाच, कारण मुंबई-पुण्याचे हप्ते एका पगारात निघत नाहीत. पण त्या पगाराबरोबर येणारं तिचं मत, तिचा थकवा, तिचं उशिरा घरी येणं, हे सगळं त्या तीन अक्षरी 'बट'ने दाराबाहेर ठेवलं. उभयान्वयी अव्ययाकडून इतकं काम करून घेतलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मला सांगतात, अहो मॅडम, एका शब्दाचा केवढा कीस. शब्द बदलून काय होतं? मला हे म्हणणाऱ्यांची गंमत वाटते, कारण शब्द बदला असा इशारा फिरवणारेही तेच असतात. शब्द बदलून काहीच होत नाही असं खरंच वाटत असतं तर 'होमली'चं 'होम-लव्हिंग' करायला ते इतके आतुर नसते. शब्दाने फरक पडतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. फक्त तो फरक प्रतिष्ठेपुरता पडावा, स्वयंपाकघरापर्यंत जाऊ नये, एवढी काळजी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लिंगभेदी साचे टाळण्यासाठी न्यायाधीशांकरता एक पुस्तिका काढली. तिच्यात 'आज्ञाधारक पत्नी', 'कर्तव्यदक्ष पत्नी' अशा शब्दांच्या जागी काय लिहावं हे सांगितलं आहे, आणि पर्याय म्हणून दुसरं, बरं विशेषण दिलेलं नाही. नुसतं 'पत्नी' लिहा, असं आहे. विशेषण काढा. मला हे व्याकरणाचं उत्तम उदाहरण वाटतं आणि मी ते वर्गात वापरते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो बाहेरून येत नाही, वर्गातूनच येतो. एकदा एका विद्यार्थिनीने मला स्पष्ट विचारलं, 'मॅडम, मला घरात रमायला आवडतं. मला करिअर नकोय. मग मी होमली आहे असं लिहिलं तर काय चुकलं?' काहीच नाही. घर आवडणं यात कमीपणा मानणारी ती इंग्रजाळलेली तुच्छता मला मुळीच मान्य नाही. ज्यांना नोकरीत मान मिळतो त्यांना घराला नावं ठेवणं सोपं जातं. घर चालवणं ही हुशारीची गोष्ट आहे, मी ती माझ्या आईत पाहिली आहे. पण मी त्या मुलीला एवढंच म्हटलं, की मग तसं वाक्य लिही. 'मला स्वयंपाक आवडतो, मला लोकांचं करायला आवडतं.' त्यात कर्ता तू आहेस, क्रियापद तुझं आहे, आणि उद्या आवडेनासं झालं तर 'आता आवडत नाही' असं म्हणायची सोय आहे. 'होमली'त ती सोय नाही. शिवाय बायोडेटा बहुतेकदा वडील किंवा मामा लिहितात. आपल्याबद्दलचं विशेषण मामाच्या अक्षरात असणं यावर निदान एकदा विचार करावा.

तर 'होमली' कसा शिकवावा? माझ्या मते चारही गोष्टी सांगून. अमेरिकेत काय, ब्रिटनमध्ये काय, आपल्याकडे काय, आणि चौथी, जी कुठल्याच कोशात सापडत नाही: कोण कुणाबद्दल म्हणतं. शब्दाचा अर्थ विचारताना हा प्रश्न व्याकरणाच्या बाहेरचा समजतात. मी तो पहिला विचारायला लावते. जेवणाबद्दल म्हटलं असेल तर खुशाल खा. लॉजच्या पाटीवर असेल तर गादी बघून घ्या. मुलीबद्दल असेल तर म्हणणारा कोण आहे, त्याला त्या मुलीकडून काय हवं आहे, आणि ते त्याने क्रियापदात का सांगितलं नाही, हे शोधा.

नर्सिंगच्या मुली अमेरिकन अर्थ वहीत लाल शाईने लिहून घेतात, कारण तिकडे पेशंटशी बोलायचं असतं. लिहावाच. भाषा पोटासाठी शिकतात, त्यात लाज कसली. पण त्या मुलींच्याच घरी त्या आठवड्यात स्थळ येणार असतं, आणि त्या कागदावर आपला शब्द आपल्या अर्थाने बसलेला असतो. त्याला लाल शाई कुणी लावायची?

म्हणून माझ्या वर्गात या शब्दाला एक स्वाध्याय आहे. एक खरी जाहिरात घ्यायची, नाव-गाव काढून टाकायचं, आणि तिच्यातली सगळी विशेषणं खोडून त्या जागी इंग्रजी क्रियापदं लिहायची. कोण, काय, किती वाजता, रोज की कधी कधी. साधा वर्तमानकाळ. पहिल्या दहा मिनिटांत हसणं चालतं. मग वर्ग शांत होतो, कारण यादी संपत नाही. मागच्या बॅचला एका दुकानात काम करणाऱ्या मुलीने 'होमली'ची बावीस वाक्यं केली. सगळ्यांचा कर्ता 'शी'. स्पेलिंगच्या चार चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. शेवटचं वाक्य होतं: 'शी इट्स आफ्टर एव्हरीबडी'. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. शेजारी तिने मला पेन्सिलीने विचारलं होतं, 'ही'ची वाक्यं पण करायची आहेत का?

करायची आहेत, असं मी लिहिलं. पुढच्या आठवड्यात 'अॅडजस्टिंग' आहे.